वाढती भुवई

बाबा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, आणि मी इथं मुंबईत एका दवाखान्यात नर्सचं काम करतो. पुरुषाला इथं ब्रदर म्हणतात. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाले असते, "म्हंजे बाईचं काम करतं काय बे?" आणि मग हसत बसले असते. आमचे डॉक्टर चेहरे नीट करतात. फाटके ओठ शिवतात, वाकडी नाकं सरळ करतात, देवीचे व्रण घासून काढतात. सिनेमावाले येतात, जळालेल्या बायाही येतात. रात्रशाळा केली, नर्सिंग शिकलो, चार नोकऱ्या सोडल्या, कुठं बूड टेकलं नाही. इथं तीन वर्षं टिकलो. कशामुळं, ते तुम्हालाच सांगायचं आहे.

चौथीतून शाळा सुटली त्या वर्षी तुम्ही हजामतीची धोकटी उघडून मला मेहकरच्या बाजारात शेजारी बसवलं. पहिल्याच माणसाची हनुवटी मी कापली. तुम्ही लगेच बोलले. "काऊन बे, गाडी सुटून राह्यली का तुही? त्याची मान पाह्य, कशी आखडेल हाय. मान सैल पडल्याबिगर वस्तरा उचलाचा नाई." घरी आल्यावर तुम्ही माझ्यासमोर पाटावर बसले, डोळे मिटले, गळा वर केला. "चालव." वस्तरा माझ्या हातात आहे. मी नुसतं पाणी लावत राहतो, बोटांनी, कितीतरी वेळ. आणि तुम्ही बसल्या बसल्या घोरायला लागता, उघड्या वस्तऱ्यासमोर. पुढं पुष्कळांनी मला कामं सांगितली, पण एवढा भरवसा कोणी टाकला नाही. तरी दोन वर्षांनी "मले हजामती नाई कराच्या" असं तोंडावर बोलून मी मलकापूरला मुंबईच्या गाडीत बसलो.

गेल्या वर्षी एक बाई आली. शाळेत शिकवते. स्टोव्हच्या भडक्यात तिची डावी भुवई पार गेली होती. डॉक्टर कानामागून केसांसकट कातडीची बारीक पट्टी काढून भुवईच्या जागी लावतात. त्याआधी कानामागची भोवतालची जागा वस्तऱ्यानं साफ करावी लागते, आणि ही तर पातं दिसलं की उठायची. दोनदा तशीच घरी गेली. तिसऱ्यांदा डॉक्टर वैतागले, "आज नाही झालं तर पुन्हा तारीख देणार नाही." ती खुर्चीचे हात धरून बसली, मानेच्या शिरा ताठ. सिस्टर म्हणाली, "उरका ब्रदर." मी उरकलं नाही. कोमट पाणी घेतलं आणि बोटांनी केस भिजवत राहिलो. पोरं त्रास देतात का, म्हणून विचारलं. "एक आहे," ती म्हणाली, "मी फळ्याकडं वळले की मांजर होतो." त्या मांजराचं सांगता सांगता तिची मान माझ्या हातावर आली, झोपलेल्या लेकराची येते तशी जड. तेव्हा मी वस्तरा उचलला. तिला कळलंसुद्धा नाही.

भुवईची पट्टी नीट रुजली. पण ते डोक्याचे केस, बाबा. आपण आता भुवई झालो हे त्यांना कोण सांगणार? ते वाढतच राहतात. म्हणून दर पंधरा दिवसांनी ती येते, आणि मी फणीवर धरून बारीक कात्रीनं, दुसऱ्या भुवईशी जुळवून, सारखे करतो. सिस्टर दारातून म्हणते, "ब्रदर, तुमचं गिऱ्हाईक आलं." आधी हा शब्द डसायचा. आता मी उठून खुर्ची पुसतो. पळून पळून तुमच्याच धंद्यात येऊन पडलो, आणि त्याचं मला बरं वाटतं. हे बोलायला दुसरं माणूस नाही, म्हणून लिहून राह्यलो. टाकायचं कुठं, ते माहीत नाही. टाकणार नाहीच.

आज ती आली होती. आरशात दोन्ही भुवया वरखाली करून पाहिल्या. उद्या शाळेचा फोटो आहे, पुढच्या रांगेत बसणार म्हणाली. मग जाता जाता थांबली. "ब्रदर, हात फार हलका आहे तुमचा. शिकवलं कोणी?"

इथं सगळ्यांना मी सांगून ठेवलं आहे की माझे वडील शेती करायचे. खरं तोंडापर्यंत आलं होतं.

"होते एक," मी म्हणालो. "गावाकडं."

"डॉक्टर होते?"

मी हो म्हणायला गेलो, हाव निघालं.