समोरून येणारी पात

माय, अक्षर वाकडंतिकडं येतंय, सांभाळून घे. उजवा हात थरथरतो. दिवाळीनंतर सुरू झालं. आधी चहाची बशी वाजायला लागली, मग सुईत दोरा जाईना, आणि आता सलाईनची सुई धरली की अंगठा आपल्या मनानं नाचतो. माझी सारी उमर वाशिमच्या या दवाखान्यात लोकांच्या शिरा शोधण्यात गेली. लहान पोराची शीर सापडली नाही की डॉक्टर मलाच हाक मारायचे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लय मिरवू नको." मिरवत नाही गं. काय चाललंय हातातून, तेवढं सांगतेय.

मागच्या आठवड्यात आम्हा सगळ्या सिस्टरांना एका खोलीत बसवलं. अकोल्याहून एक टाय घातलेला पोरगा आला होता, मिळून काम कसं करावं, चांगल्या सवयी कशा लावाव्या, ते शिकवायला. भिंतीवर त्यानं होडी वल्हवणाऱ्या गोऱ्या माणसांचा फोटो लावला. आता आमच्याकडं होडी कोणाच्या बापानं पाहिली? मला तर हसूच आलं. मला तुझी टोळी दिसत होती, किन्हीराजाच्या शिवारात विळ्यानं सोयाबीन सोंगणारी, कापणारी, डोक्याला फडकी बांधलेली, आणि मधोमध तू. वावरात शिरल्यावर जिथं काटेरी तण जास्त, ती पात, कापायची ती ओळ, तू न बोलता धरायचीस. बाकीच्या आपापल्या पातीला लागायच्या. ज्या बाईची पात आधी संपली तिनं धुऱ्यावर, बांधावर बसायचं नाही, मागं राहिलेल्या बाईच्या पातीला दुसऱ्या टोकाकडून लागायचं. दोघी मधात भेटल्या की काम झालं. कोणी कोणाला हळू म्हणायचं नाही, कोणी उपकार दाखवायचे नाहीत. त्या पोरानं एवढं सगळं सांगायला पूर्ण दुपार घेतली.

मी शाळेतून सुटीवर आलेली, तुझ्यासोबत पहिल्यांदा सोंगायला आले तो दिवस आठवतो. जवान हात, माझी पात भराभर संपली. मी धुऱ्यावर बसून पाणी पिते आहे आणि शेजारची काकी उन्हात एकटी वाकलेली आहे. तू वावरात एक शब्द बोलली नाहीस. संध्याकाळी चुलीपुढं भाकर थापता थापता, माझ्याकडं न पाहता म्हणालीस, "हात चालते म्हून तू मोठी नाई झाली. पात संपली तं पलटून जाय. पाणी का पळून चाललं होतं?" मला इतका राग आला होता की मी भाकर खाल्ली नाही. तूही मनवलं नाहीस. सकाळी मात्र माझ्या विळ्याला नवीन मूठ बसवलेली होती.

त्या पोरानं शेवटी सांगितलं, अडलं तर मदत मागा, ही पण सवयच आहे. सगळ्यांनी माना हलवल्या. मी हात खिशात घातला. कारण हे तू मला शिकवलं नाहीस, माय. तुलाच येत नव्हतं.

तुझे गुडघे गेले तेव्हा तू मागं पडायला लागलीस. बायांनी नेहमीसारखं केलं, पात संपवली आणि तुझ्या पातीला समोरून लागल्या. आणि तू केवढी भडकलीस! "मी मेली नाई अजून. आपापली पात पाहा." दुसऱ्या दिवसापासून तू झुंजुमुंजू असतानाच एकटी वावरात जायला लागलीस. बाया येईपर्यंत तुझी पात पुढं गेलेली असावी, म्हणून. एके दिवशी त्या आल्या, तू दिसली नाहीस, पण विळ्यानं कापलेली पात दिसली, तेव्हा त्या दुसऱ्या टोकाकडून लागल्या. सोंगत सोंगत थोडं पुढं आल्या आणि तू दिसलीस, तशा विळे टाकून धावल्या. तू मधात पडलेली होतीस, गार झालेली, विळा मुठीतच. मी इथं ड्युटीवर होते. काकी नंतर मला म्हणाली, "पात अर्धीच राह्यली होती वो बाई. तुह्या मायले नेल्यावर आमीच पुरी केली." मला आजही ती अर्धी पात झोपू देत नाही.

आणि मी काय करते? मीही उजाडायच्या आत दवाखान्यात येते. वॉर्ड झोपलेला असतो, माझा हात कोणी पाहत नाही, सुई पुन्हा पुन्हा टोचता येते. रिठदच्या एका म्हाताऱ्या बुवांचा हात मी असाच टोचून टोचून निळा केला. ते मलाच समजावत होते, "राहू द्या वो बाई, माही शीरच हरामखोर हाय." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज आले तर आमची नवी सिस्टर, मंगरूळपीरची पोरगी, आधीच वॉर्डात होती. पहिल्या बसनं आली असावी. खिडकीकडच्या शेवटच्या खाटेपासून तिनं माझं सलाईन लावायचं काम सुरू केलं होतं. माझा हात तिनं कधी पाहिला, कोण जाणे. तिला टोळी ठाऊक नाही, पात ठाऊक नाही. मी ओरडले, "तुले कोनं सांगतलं? मी मेली का?" अख्खा वॉर्ड जागा झाला. माझ्या तोंडून तूच बोललीस, माय, अगदी तुझाच आवाज. पोरगी गोरीमोरी झाली, पण हलली नाही. म्हणाली, "सिस्टर, तुमी तिकून या, मी इकून येतो."

तू चुकलीस, माय. त्या बायांना येऊ द्यायचं होतं. आज इतक्या वर्षांनी मला तुझा राग येतोय, आणि रडूही.

आम्ही दोघी बुवांच्या खाटेपाशी भेटलो. मी ट्रे तिच्यापुढं आदळला, थँक्यू वगैरे काही म्हटलं नाही. तिनं शीर शोधली. मी नुसता बुवांचा हात धरून उभी होते. माझा अंगठा नाचत होता, तो त्यांनी दोन बोटांत घट्ट धरून ठेवला.

हे पत्र मी कोणत्या पेटीत टाकणार? ड्युटीच्या पिशवीत तळाला राहील. हाताचं मोठ्या डॉक्टरांना सांगायचंय, म्हणजे माझ्या हातून वॉर्ड सुटेल. उद्या सांगीन. आजही सांगणार होते, त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले.