सावधानाचा तुकडा

राजापेठ, अमरावती
ता. ९ फेब्रुवारी १९३७

तीर्थरूप रवीदादास,

चिंतूचा नमस्कार. इकडे सारे खुशाल, असं लिहायचं असते म्हणून लिहिलं. हे पत्र किती वेळा सुरू केलं आणि पुस्तकी भाषेत अडकून फाडलं. आता बोलतो तसंच लिहून राहिलो. तू वकील आहेस, उलटतपासणी मनातल्या मनात कर.

आधी माझी बातमी. बी.ए. झाल्यापासून मी घरात नुसत्या येरझाऱ्या घालतो, अशी गोदाआत्याची तक्रार आहे. खरी आहे. पुण्याच्या एका मासिकाले कथा पाठवली होती. तिच्यात जिथं माणसं गप्प बसतेत, तिथं मी ओळीच्या ओळी कोऱ्या सोडल्या. संपादकानं ती परत पाठवून विचारलं, शाई संपली होती काय?

त्याच रागात कॅम्पातल्या लिलावात गेलो आणि एक पेटी घेऊन आलो. कोण्या इंजिनियर साहेबाची होती, तो विलायतेले परत चालला होता. आत भाता, बाजूले दांडी. दांडी फिरवली की वरून कागदाची लांब पट्टी सरकते, आणि पट्टीले जिथं भोक असते तिथला सूर वाजते. सोबत इंग्रजी गाण्यांच्या पट्ट्या होत्या. पहिलीच लावली तर आत्या देवघरातून ओरडली, "चिंत्या, कोन्या सायबाची वरात चालली रे घरातून?"

मग म्हटलं, आपणच पट्ट्या करू. पतंगाचा कागद लावून पाहिला, फाटला. शेवटी जुन्या पंचांगाची पानं खळीनं दुहेरी चिकटवली. भोकं पाडायले चांभाराकडून लोखंडी नळी आणली. दिवसभर घरात ठोकाठोक. आत्या म्हणे, "भैताडा, पंचांगाची चाळणी करून राहिला काय? एकादशी गळून जाईन त्यातून!"

आत्याच्या दळणाच्या ओवीपासून सुरुवात केली, पण ती काही जमली नाही. तिच्यात एक उतरता सूर आहे, तो या पेटीत नाहीच. त्या जागी भोक पाडलं की नुसती हवा येते. फस्स. अण्णांच्या तोंडून येते तशी.

लिहिलं गेलं. आता ऐकच.

तुळशीच्या लग्नात अण्णांचा आवाज बसला, असं तुले कळवलं होतं. तो बसला नाही, गेला. मंगलाष्टक म्हणता म्हणता वृंदावनापाशीच कोसळले. उजवं अंग लुळं पडलं. समजते सारं, पण शब्द निघत नाही. तुले कळवू नको म्हणून आत्यानं शपथ घातली. "तो येईन, दारात भांडन होईन, आन् याले दुसरा झटका येईन." दुसऱ्या झटक्याचा धाक डॉक्टरनंही घातला आहे. आणि येशीनच असंही कुठं होतं? पार तिवश्यापर्यंत ज्यांच्या मंगलाष्टकाशिवाय लग्न लागत नव्हतं, ते अण्णा पोटच्या पोराच्या, तुझ्याच लग्नात गायले नाहीत. माळ्याची पोरगी, माझ्या तोंडून सावधान निघणार नाही, म्हणाले. तू म्हणालास, मग या घरात माझा पाय पडणार नाही. दोघंही शब्दाले पक्के. मधात मी आणि आत्या, जात्याच्या दोन पाळूत.

तर पेटी. अण्णा खाटेवरून ऐकत. एक दिवस त्यायनं डावा हात पुढं केला. पेटी जवळ नेली तर दांडी धरली. मग खुंटीवरच्या अंतरपाटाकडे बोट. मले समजलं. मंगलाष्टकाची पट्टी केली, एकेक अक्षर वृत्तात मोजून, लांब अक्षराले लांब भोक, तोकड्याले तोकडं, अगदी सारखं. त्यायनं फिरवली ती मात्र त्यायच्याच चालीनं. जिथं दम घेत तिथं हात थांबे, जिथं आळवत तिथं हळू होई. दादा, पेटी विलायती, पण गात अण्णाच होते! आत्या पदरात तोंड घालून बसली.

मंगलाष्टकात वधूवराची नावं गुंफायचं एक कडवं असते, तुले माहीत आहे. अण्णांनी तुझ्या फोटोकडे बोट दाखवलं आणि मग पट्टीकडे. मले वाटलं, यायच्या मनात अजून अचलपूरची सरोजिनीच आहे, तुझ्यासाठी पाहिलेली. म्हाताऱ्याले बरं वाटन म्हणून रविकांत आणि सरोजिनी अशी भोकं पाडली. अण्णांनी तिथपर्यंत फिरवलं आणि पट्टी ओढून फाडली. तोंडानं नुसतं फस्स, फस्स. मग खाटेच्या लाकडावर डाव्या हातानं ठोके देऊ लागले. एक लांब, दोन तोकडे. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मी वृत्तं पाठ केलेला माणूस, पण पाहतच राहिलो. आत्याले आधी समजलं.

"मा-नि-क! मानिक म्हनून राहिला रे तो! सुनेचं नाव घेऊन राहिला!"

अण्णांनी मान हलवली. त्यायचे डोळे मी याआधी कधी असे पाहिले नव्हते.

नवी पट्टी केली. तुझ्या लग्नाच्या साली जे पंचांग चालू होतं ते अण्णांनीच फडताळातून काढायले लावलं. कालच वाजवली. नावं वाजली, आशीर्वाद वाजला, आणि सावधानच्या आधी त्यायचा हात थांबला. मले वाटलं थकले. मी दांडीले हात लावला तर चापट मारली. मग पट्टीवर नख दाबून कात्रीकडे पाहिलं. मी तिथून कापली. तो शेवटचा तुकडा त्यायनं अक्षतांच्या वाटीत ठेवला आणि वाटी दाराच्या दिशेनं सरकवली.

मग आत्या म्हणे, "लिही आता त्याले. शपथ सुटली म्हन."

तुकडा या पाकिटात आहे. अक्षताही आहेत. कुंकू अण्णांनी डाव्या हातानं चोळलं, म्हणून काही दाणे लाल, काही तसेच पांढरे. अकोल्यात तुझ्याजवळ हा तुकडा मुका, आणि इथं पेटीत बाकीची सारी पट्टी लावून ठेवली आहे, तर लग्न लागत नाही. आज सकाळपासून अण्णांनी कितीदा तरी तिथपर्यंत फिरवली. थांबतेत आणि दाराकडे पाहतेत.

भांडण होईन काय, मले माहीत नाही. दुसरा झटका येईन काय, तेही माहीत नाही. पण आता या घरात त्या एका कोऱ्या जागेशिवाय मले काही ऐकू येत नाही. बडनेऱ्याले गाडी कोणतीही धर, तार कर, मी टांगा घेऊन उभा असेन.

एकटा येऊ नको. तुकडा वहिनीच्या हाती दे. पेटीत तो तिनंच लावायचा आहे.

माणिकवहिनीचा दीर,
चिंतामण