मिठाचे दुकान आणि मधली भिंत

मी, या कागदाच्या शेवटी जिची सही आहे ती, धंदा मीठ विकणे, वयाने सत्तरी ओलांडलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने करत आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणणाऱ्याचे माझ्यापुढे काही चालले असते असेही नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचे कारण नाही, आणि मला काळजी नाहीच. पण बाहेर पडण्याआधी दुकान आवरून ठेवायची सवय आहे. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, कायद्यापुरतं तेवढंच लिहू." मी म्हटले, "तेवढ्याने कोणाला काही कळायचं नाही. सांगते ते सगळं घ्या."

१. दुकानावरच्या खोल्या, बँकेतली शिल्लक आणि माझे दागिने मुलाला मिळावेत. तो जहाजावर इंजिनाचे काम करतो. दुकानात त्याचे मन कधी रमले नाही, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच, की ताट समोर आले की घास न घेताच तो वरून मीठ भुरभुरतो. माझ्या पोटच्या पोराने तरी हे करू नये. आधी चव बघावी. ही अट नव्हे, आईचे सांगणे आहे.

२. सैंधवाची जाड पाटी सूनबाईला द्यावी. ती मंद आचेवर हळूहळू तापवायची, घाई केली तर तडकते. तापली की माशाचे पातळ काप नुसते वर ठेवायचे, वेगळे मीठ लागत नाही. पाटी पाण्याखाली धरायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. सूनबाई भांडी दणादण घासते, म्हणून मुद्दाम लिहिले.

३. चौकातल्या हॉटेलवाल्याला काहीही देऊ नये. त्याने माझ्याकडून धुरीचे, म्हणजे लाकडाच्या धुरावर धरलेले, मीठ नेले, ते रटरटत्या रश्श्यात ओतले आणि "वासच येत नाही" म्हणून उरलेली पुडी गिऱ्हाइकांदेखत माझ्यापुढे आपटली. धुरीचे मीठ शेवटी घालायचे असते, उकडलेल्या बटाट्यावर नाहीतर अंड्यावर. हे त्याला मी तेव्हाच सांगणार होते, पण तो ओरडत होता. आता हे मृत्युपत्र वाचले जाईल तेव्हा त्याला बोलवावे. तेव्हा तरी गप्प बसेल.

४. दुकान, आतला सगळा माल आणि तराजू माझ्या पुतणीला, म्हणजे धाकट्या जावेच्या मुलीला मिळावा. ती भिंतीपलीकडे आईची खानावळ सांभाळते आणि मोकळी झाली की माझ्या दुकानात येऊन बसते. दुकानात आलेल्या बाईने मीठ मागितले की ही आधी विचारते, "कशात घालायचंय, मावशी?" हे तिला मी शिकवलेले नाही. कणकेत आणि पावात बारीक मीठ, कारण ते चटकन विरघळते. मुरवायच्या भाज्यांना जाडे मीठ. दोन्हींना एकच चमचा कधी वापरू नये. बारीक मीठ चमच्यात दाटून बसते, जाड्यात मध्ये पोकळी राहते. चमचा तोच, खारटपणा मात्र भलताच. एवढ्या एका गोष्टीपायी आमचे घर दुभंगले.

५. ते कसे, ते इथे लिहिते. सासऱ्यांच्या मागे दोन्ही भावांचा कारभार एकत्र होता. पुढे मिठाचे दुकान, मागे जावेची खानावळ, मध्ये उघडी वाट. एकदा तिला मोठ्या छापखान्याच्या जेवणाचे काम मिळाले. तोवरचे सगळ्यांत मोठे. नेहमीच्या मापाने तिने सूपात मीठ घातले. सूप तोंडात धरवेना. माणसे उठून गेली आणि ते काम कायमचे सुटले. ती भर दुकानात येऊन म्हणाली, "ताई, माझं चांगलं चाललेलं तुम्हाला बघवलं नाही!" मी म्हटले, "वाढण्याआधी चव घेतली असतीस तर?" आमच्या ह्यांनी मला आवरले, दिरांनी तिला. महिन्याच्या आत मध्ये भिंत उभी राहिली.

पुढे तिला ज्यातून मीठ दिले होते ते पोते उपसताना कळले की कारखान्यातच जाड्या मिठाच्या पोत्यात मधूनमधून बारीक मीठ भरले गेले होते. चूक तिची नव्हती, माझीही नव्हती. मी ह्यांना पलीकडे सांगायला पाठवले. दीर दारातच म्हणाले, "दादा, आता भिंत वाळली."

मग बरीच वर्षे आम्ही दोघी एकाच गल्लीत, एकाच नळावर, एकमेकींकडे न बघता राहिलो. हे गेले तेव्हा ती आली, बसली आणि उठून गेली.

त्यानंतर दिरांना हृदयाचे दुखणे जडले. डॉक्टरांनी मीठ अगदी मोजके करायला सांगितले. जावेने भीतीने ते पार बंद केले आणि दिरांनी जेवण सोडले. एका सकाळी ती गिऱ्हाइकासारखी पुढच्या दाराने आली.

"बिनखारट मीठ मिळतं का?"

"तसं मीठ नसतं. बस."

"बसायला आले नाही मी. ते तोंडात घास घेत नाहीत, ताई." आणि ती रडायला लागली.

मी तिला पोत्यावर बसवले. म्हटले, "रडून झालं की ऐक. डॉक्टरांनी किती सांगितलंय? तेवढंच घे, कणभरही जास्त नको. पण शिजवताना घालूच नकोस, सगळं आत मुरून जातं. ताटात वाढलं की हे पापुद्र्याचं मीठ बोटांनी चुरून वरून टाक. जिभेला पहिलं तेच लागतं. बाकी लिंबू पिळ, मिरी घाल, लसूण भाजून घाल."

"एवढ्याने खातील?"

"खाल्लं नाही तर मी येऊन भरवते म्हणावं."

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर पलीकडून चमच्याने ठोकल्याचा आवाज आला. मी कान लावला. दीर ओरडत होते, "वहिनी! अंडं खाल्लं! दोन खाल्ली!" मी भिंतीला टेकून खाली बसले आणि किती तरी वेळ हसत होते, की रडत होते, ते मला सांगता यायचे नाही.

दीर आज ठणठणीत आहेत. त्यांना या कागदावर साक्षीदार व्हायचे होते. पण ज्यांच्या घरात काही जाते त्यांची सही नको, असे वकीलसाहेब म्हणाले, म्हणून सकाळपासून रुसून बसले आहेत.

६. माझ्या पश्चात पुतणीने मधली भिंत पाडून वाट पूर्ववत करावी.

७. कलम सहा रद्द. वकीलसाहेब मसुदा वाचून दाखवत होते तेव्हा जाऊ इथेच होती. मध्येच म्हणाली, "तुम्ही गेल्यावर वाट उघडायची? मग त्या वाटेने मी यायचं कुणाकडे?" वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पुतणीला गवंड्याकडे पाठवले. तो आला आहे.

बाकी मजकूर कायम. याआधी केलेले मृत्युपत्र नाही. वरील सर्व मला वाचून दाखवले, मला ते मान्य आहे.

स्थळ: दुकान, गल्ल्याजवळचे टेबल. दिनांक: वकीलसाहेबांनी वर घातला आहे तोच.

सही: मीठवाल्या आजी

आम्ही दोघांनी आजींना सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या:
१. शेजारचा शिंपी
२. समोरच्या औषधांच्या दुकानातल्या बाई

टीप, वकिलांकडून: मधल्या भिंतीवर घणाचे काम चालू असल्याने तिन्ही सह्या हलल्या आहेत. त्या ज्यांच्या त्यांच्याच आहेत.