डबा संपेपर्यंत

रविवार, १ जून

आजपासून नवा मी.

माधवीचा धाकटा भाऊ विकास कुकटपल्लीहून आला. येताना माझ्यासाठी एक किलो प्रोटीन पावडरचा डबा. त्याचं पोट सपाट झालंय. माझं वयाला शोभेल इतकंच आहे.

जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं : हा डबा संपेपर्यंत घरचा नाश्ता बंद. फळ, दूध, पावडर, मिक्सर, दोन मिनिटं. बोलण्याच्या भरात पोटावर थाप मारून असंही म्हणालो, की ही बावीस वर्षं नाश्त्याला खाल्लेल्या सुशीलेची कृपा. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी दिली म्हणून काय नाश्ता होतो? तेलातला भुसा नुसता. विकास खो खो हसला. आई हसली नाही. माधवी म्हणाली, बरं. नुसतं बरं. समजूतदार बायको मिळायला नशीब लागतं.

डब्यात तीस स्कूप. रोज एक. एक जुलैला मोकळा. म्हणजे बारीक.

सोमवार, २ जून, स. ६.४०

उकळलेलं दूध तसंच मिक्सरमध्ये ओतलं. झाकण उडालं. केळं छताला. पावडरच्या गुठळ्या पात्याला. दोष मिक्सरचा. माधवीच्या माहेरून आलेला आहे.

छत मी पुसलं. माधवी म्हणाली, तुमचा नाश्ता तुमचा. आईने विचारलं, शिकरणाला एवढा आवाज कशाला? तिला समजावलं की ही स्मूदी आहे. तिने ग्लासात डोकावून सांगितलं, शिकरणच आहे, बिघडलेलं.

गुरुवार, ५ जून

गार दूध, बेनिशान आंबा, एक स्कूप. आज जमली. चव ओल्या खडूची, पण औषध समजून घ्यायची. चार घोट घेतले. उरलेली बाल्कनीतल्या कढीपत्त्याला. प्रोटीन झाडालाही लागतं.

घरात उपमा होता. काजू घातलेला. एरवी कधी काजू नसतात.

शनिवार, ७ जून

काचीगुडा स्टेशनजवळ अप्पारावची इडली-वड्याची हातगाडी, इथल्या भाषेत बंडी. ऑफिसच्या वाटेवरच आहे, मुद्दाम वाकडी वाट केलेली नाही. एक प्लेट वडा. मी घरचा नाश्ता बंद म्हणालो होतो. बंडी म्हणजे घर नव्हे. शब्द मोडलेला नाही.

रविवार, ८ जून

सुट्टी. ऑफिस नाही, म्हणजे बंडी नाही. घरात सुशीला. मोहरी तडतडली, हिरवी मिरची, शेंगदाणे, वरून लिंबू. मी हॉलमध्ये ग्लास घेऊन बसलो. आईने दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि माझ्याकडे बघत सावकाश खाल्ली. मला वाटलं, माधवी एकदा तरी विचारेल. फक्त म्हणाली, तुमच्यासाठी पपई चिरून ठेवली आहे.

एकदा आग्रह केला असता तर मी नाही म्हणालो असतो. पण करायला हवा होता.

बुधवार, ११ जून

दोन प्लेट वडे. अप्पारावशी ओळख वाढली आहे. मी काल गेलो नव्हतो तर म्हणाला, कैकू नइ आए साब, अल्लम चटनी आपके वास्ते रखा था मैं. हा माणूस माझ्यासाठी आल्याची चटणी राखून ठेवतो. घरी कोण ठेवतं?

गाडीवर बसताना हेल्मेटच्या आत माधवीचं अक्षर दिसलं. माझं नाव आणि तिचा मोबाइल नंबर. तिला प्रत्येक वस्तूवर नाव घालायची खोड आहे, पातेल्यांपासून छत्रीपर्यंत. मी काय पातेलं आहे?

शनिवार, १४ जून

युक्ती सुचली. अठरा स्कूप उरलेत. रोज दोन घातले तर नऊ दिवसांत डबा संपतो. बावीस तारखेला, रविवारी. नेमका सुशीलेचा दिवस. कुणाची माफीबिफी मागावी लागणार नाही. डबा संपला, नियम संपला, बसलो पाटावर. हिशेब पक्का.

मंगळवार, १७ जून

स्टेशनवरच्या काट्यावर वजन केलं. दोन किलो वाढलं. स्नायू जड असतात.

कढीपत्ता वाळला. कुंडीत मुंग्या. माधवीने कुंडी बराच वेळ पाहिली. मी म्हणालो, यंदा ऊन फार. ती म्हणाली, हो, फार.

शनिवार, २१ जून

नारायणगुड्याच्या चौकात पोलिसाने अडवलं. डोक्यावर हेल्मेट नाही. बंडीच्या बाकावर राहिलं. दुपारी परत गेलो तर बंडी उठलेली. घरी सांगितलं, ऑफिसात राहिलं. माधवीने मान हलवली. मग आत जाऊन बराच वेळ कुणाशी तरी फोनवर बोलली. मी ऐकलं नाही, ऐकू येत नव्हतं.

उद्या शेवटचे दोन स्कूप.

रविवार, २२ जून

डबा सकाळी संपला. आपटून रिकामा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

नऊ वाजता विकास हजर. हातात नवा डबा. तीन किलो. म्हणाला, ताई कालच फोनवर सांगत होती, दाजींनी एक दिवस चुकवला नाही. झाकणावर माधवीने आल्या आल्या मार्करने माझं नाव घातलं.

मग तिने हेल्मेट आणून टीपॉयवर ठेवलं. आत कागदी पुडीत अल्लम चटणी. ऑफिसातून तिने ते कसं आणलं, मी विचारलं नाही. काही गोष्टी योगायोगाने होतात.

सुशीलेची बशी समोर ठेवली आणि ती म्हणाली, आईंसमोर एवढंच म्हणा की तुम्ही त्या दिवशी बोललात ते चुकलं. डबा विकास परत घेऊन जाईल.

आई थांबली. विकास थांबला. लिंबाचा वास येत होता.

मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.

विकासने टाळ्या वाजवल्या. आईने बशी उचलून नेली. का म्हणालो मी असं? तोंडात अगदी आलं होतं.

सोमवार, २३ जून

बंडीवर गेलो. अप्पारावने वड्याच्या जागी केळं दिलं. म्हणाला, भाभी आए थे परसों, बोले साब कू वडा नक्को, डॉक्टर बंद किए. कोण डॉक्टर? पुढच्या बंडीकडे वळलो तर तो तिथूनच ओरडला, साब कू नक्को देना रे. अख्ख्या काचीगुड्यात मला कुणी वडा देणार नाही.

ऑफिसात दिवसभर वाक्य पाठ केलं.

संध्या. ७.३० : म्हणालो. आईसमोर. सुशीला चांगली असते, मी चुकलो, बावीस वर्षं ती साडेपाचला उठते हे मला दिसायला हवं होतं. शेवटचं वाक्य पाठ केलेलं नव्हतं, आपोआप आलं.

माधवीने हातातलं पातेलं खाली ठेवलं. मग म्हणाली, छान. मग उद्यापासून सगळ्यांचा नाश्ता तुम्हीच करा. सवय झालीच आहे. चुरमुरे फळीवरच्या मोठ्या डब्यात आहेत, नाव घातलंय.

एका दिवसाचा प्रश्न आहे. दोन मिनिटांचं काम.

मंगळवार, २४ जून, स. ५.५०

चुरमुरे भिजत घातले. किती वेळ ठेवायचे, हे विचारायचं राहिलं. माधवी झोपली आहे. तोंड उघडं, हात उशीखाली. अशी झोपलेली मी तिला सकाळी कधी पाहिलीच नव्हती. उठवलं नाही.

६.३५

लगदा झाला. फोडणी त्यावरच ओतली. आईने वाटीत डोकावून विचारलं, आजही शिकरणच का?