छबूची तहान

२ एप्रिल १९७३
आजपासून मी दुष्काळी कामावरचा डॉक्टर! मिरजगावपासून बरंच आत पाझर तलावाचं काम चालू आहे, तिथे माझा तंबू ठोकलाय. सावलीला झाड औषधालाही नाही, पण मी भलताच खुशीत आहे. कंपाउंडर पुंजाराम म्हणतो, इथली माणसं उन्हाला भीत न्हाईत, सुईला भितात. खडी फोडणाऱ्या बायांनी पहिल्याच दिवशी माझ्या लग्नाची चौकशी केली.

५ एप्रिल
हगवणीची साथ लागलेली दिसते. कॉलेजात शिकलेलं सगळं कामी येतंय. डोळे खोल गेलेत का? जीभ ओली आहे का? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडायची. लगेच बसली तर काळजी नाही, उभी राहिली तर सलाईन. खडी फोडणाऱ्या गीताबाईच्या दोन वर्षांच्या छबूला चिमटा काढला तर पोरगी खुदकन हसली. कातडी झटकन बसली. पुड्या देऊन पाठवलं.

दोष हौदाचा आहे. टँकरचं पाणी, त्यात सगळ्यांचे हात आणि तांबे. दुपारी सगळ्यांना गोळा करून फैलावर घेतलं. नगरहून पाणी शुद्ध करायची पावडर आणून टाकेपर्यंत या हौदाचा थेंबही कुणाला पाजायचा नाही, असं बजावलं. लगेच निघतोय.

७ एप्रिल
पावडर कालच सकाळी मिळाली होती. पण मित्र भेटला. मटण झालं, सिनेमा झाला, मुक्काम केला.

छबू काल संध्याकाळी गेली.

गीताबाईनं माझं ऐकलं होतं. पोर पाणी पाणी करत होती, पण तिनं ओला पदरसुद्धा तोंडाला लावला नाही. जुलाब थांबले तेव्हा तिला वाटलं, उतार पडला. थांबणारच! अंगात उरलं काय होतं? बाकी कुणी माझं ऐकलं नव्हतं. ते सगळे हौदाचंच प्याले आणि जगले.

उकळून पाजा, एवढंच सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. पोर मी मारली.

गीताबाईनं हात जोडले. म्हणाली, तुमी सांगितलं तसंच केलं सायेब, थेंब न्हाई दिला.

९ एप्रिल
भर दुपारी गीताबाई तंबूच्या दारात येऊन बसली. मांडीवर कुणी नाही, तरी पदरानं वारा घालत होती. तिनं विचारलं, आता पाजू का? माझ्या तोंडून ‘नाही’ निघून गेलं.

ती उठून गेली. पुंजारामच्या मते बाईचं डोकं फिरलंय. पण ती बसली होती तिथे मातीत लहान टाचा घासल्याच्या खुणा आहेत.

१० एप्रिल
परत आली. पाजू का? मी मान फिरवली.

सकाळी भरलेलं माझं मडकं दुपारी कोरडं. पुंजाराम शपथ घेऊन सांगतो, त्यानं हात लावलेला नाही.

११ एप्रिल
सलाईनच्या बाटल्या रिकाम्या. बुचं जशीच्या तशी बंद. गीताबाई तिकडे खडी फोडतेय, मला इथून दिसते. मग दारात बसलंय ते —

१२ एप्रिल
पुंजारामला दिसत नाही. पोर मडक्याशी बसली आहे. रडते, पण डोळ्यांत पाणी नाही. तपासायला हवं. कातडी चिमटीत धरली, सोडली —

उभीच.

१३ एप्रिल
गीताबाईनं पुन्हा विचारलं. हो म्हणालो. पाजा, लगेच पाजा! ती पहिल्यांदा रडली. म्हणाली, पन पानी कुठं हाय सायेब?

टँकर आलाच नाही. हौद कोरडा. पुंजाराम सलाईन आणायला नगरला गेलाय.

छबूनं माझं मनगट धरलंय. ओठ लावलेत —

१४
जीभ टाळूला चिकटते. आरशात बघितलं, डोळे आत — हात सोडवता येईल. तिच्यात जोर नाही. पण ओढला की रडते. तसंच रडते, कोरडं —

गीताबाई दारात उभी आहे. काही विचारत नाही. बघते फक्त —

पी, बाळ. पोटभर पी. मी आता नाही म्ह