कपाटाखालची फळी

मी, कृष्णकांत विश्वनाथ बक्षी, वय अडुसष्ट वर्षे, निवृत्त हेडक्लार्क, राहणार गांधीबाग, नागपूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण त्याचा मिळकतीशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणण्याइतके या घरात माझ्याशी कोणी बोलतही नाही.

१. राहते घर, म्हणजे खालच्या दोन खोल्या आणि सागवानी फळ्यांच्या जमिनीची वरची एक खोली, माझी पत्नी सौ. प्रमोदिनी हिला मिळावे. तिच्या हयातीत मुलगा गिरिधर याने घर विकू नये, पाडू नये, आणि वरच्या फळ्या उखडून स्लॅब टाकू नये. स्लॅब त्याच्या डोक्यात आहे हे मला ठाऊक आहे. तिच्यामागे घर त्याचेच.

२. पोस्टातली शिल्लक प्रमोदिनीची. सायकल गिरिधरची. त्याला तिची लाज वाटते, तरी त्याचीच.

३. बहीण यमुताई हिला आईची समई. सन १९६३ मध्ये तिने मला सल्ला दिला होता, "दादा, डोळ्यापुढून गेलं की मनातूनही जाते." तो मी ऐकला, हा दोष माझा. पण दिल्याबद्दल तिला मी अजून क्षमा केलेली नाही. तेवढ्यासाठी आईची समई अडवून ठेवणे बरे दिसत नाही, म्हणून देत आहे.

४. रंधा, पटाशी, तीन ब्रश आणि उरलेला काचकागद नत्थूजी सुतार याला. त्याला साक्षीदार करायचे मनात होते, परंतु ज्याला काही मिळायचे त्याने साक्ष करू नये. साक्षीपेक्षा हत्यारे त्याच्या कामी येतील.

५. हे कलम प्रमोदिनीने एकटीने वाचावे.

१९५८ च्या महालक्ष्म्यांना आपली चारुशीला अडीच वर्षांची होती. महालक्ष्म्या तेव्हा वर बसायच्या. फळ्यांवर रांगोळी ठरत नाही म्हणून तू ताटात तेलात कुंकू कालवलेस, चारूचे पाय त्यात बुडवलेस आणि तिला जिन्यापासून मखरापर्यंत चालवत नेलेस. बायका विचारत होत्या, कशाच्या पावलांनी आली? आणि ती दर पावलाला "सोन्याच्या" म्हणत होती. कोऱ्या सागवानात कुंकू मुरले. कार्तिकात ती विषमज्वराने गेली. पावले राहिली.

पुढली पाच वर्षे तू वरची जमीन पुसताना पावले तेवढी वगळायचीस. आधी मला ते बघवत नव्हते. नंतर, खरे लिहायचे तर, राग येऊ लागला. तू माझ्याशी बोलायचीस त्याहून जास्त त्या फळ्यांशी बोलायचीस. सन १९६३ च्या मे महिन्यात तू मौद्याला माहेरी गेलीस आणि मी आठ दिवसांची रजा टाकली.

नत्थूजीने काम घेतले नाही. "बाबूजी, हे मले सांगू नका. तेल-कुंकू पेलेली फळी हाय, वार्निश धरणार नाही. अन् बाईले इचारलं काय?" मी म्हटले, घर माझे आहे. मग मीच गुडघ्यांवर बसलो. वर आलेले खिळे आत ठोकले. आधी जाड काचकागद, मग बारीक, लाकडाच्या रेषेने घासत गेलो. कुंकू जाईना, तेव्हा काचेच्या तुकड्याने खरवडले. भुसा आधी तांबडा निघाला, मग गुलाबी, मग नुसता लाकडाचा. तो मी सुपात भरून नागनदीत टाकून आलो. वार्निशाचा पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ, दुसरा घट्ट, कोपऱ्यापासून मागे सरकत जिन्यापर्यंत. उन्हाळ्यातली धूळ ओल्या वार्निशावर बसली ती कायमची. अजून हात फिरवला की खरखर लागते.

तू आलीस, वर चढलीस आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहिलीस. "सगळंच घासलं का हो?" मी हो म्हणालो. "छान दिसते," म्हणालीस आणि उतरलीस. या गोष्टीला चौदा वर्षे झाली. तू पुन्हा जिना चढली नाहीस. महालक्ष्म्या खाली बसू लागल्या.

पण सगळे घासले नव्हते. चारू गेल्यावर मखराच्या जागी आपण शिसवी कपाट ठेवले होते. ते मला एकट्याला हलले नाही, म्हणून त्याच्या भोवतीने घासले. सन ६६ मध्ये उंदीर झाले तेव्हा मी आणि नत्थूजीने कपाट सरकवले. खालच्या आखूड फळीवर डावे पाऊल होते, पाचही बोटांसकट. नत्थूजी म्हणाला, "बाईले बलावू काय?" मी नको म्हणालो.

तुला बोलावले असते तर आधी क्षमा मागावी लागली असती, आणि ती मला मागता आली नाही. शिवाय ते पाऊल पुन्हा तुझे एकटीचे झाले असते. घासताना मला वाटत होते की मी तुझे दुःख घासतो आहे. हे एक पाऊल दिसले तेव्हा कळले की माझीही मुलगी गेली होती. उंदरांचे निमित्त सांगून मी कपाट चार ठोकळ्यांवर चढवले. रोज सकाळी मी घड्याळाला चावी द्यायला वर जातो. ते घड्याळ आठ दिवसांच्या चावीचे आहे. मी पालथा पडून टॉर्चने पाऊल बघतो आणि खाली येऊन तुझ्या हातचा चहा पितो. अकरा वर्षे मी ते तुझ्यापासून चोरून ठेवले.

त्या फळीला खिळे नाहीत, पितळी स्क्रू आहेत. नत्थूजी काढून खाली आणून देईल. ती तुझी आहे. क्षमा करायची की नाही हे तू ठरव. फळी दोन्ही प्रकारे तुझीच.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.
कृष्णकांत विश्वनाथ बक्षी
साक्षीदार: वसंत देवराव मुळे, रुपराव सीताराम ढोबळे
नागपूर, दि. १४ ऑगस्ट १९७७

पुरवणी

माझी पत्नी प्रमोदिनी दि. २१ नोव्हेंबर रोजी सकाळी चूल पेटवता पेटवता गेली. आजार असा काही नव्हता. मी आधी जाईन असे मी धरून चाललो होतो, त्याला काहीही आधार नव्हता. कलम पाच वाचायला कोणी उरले नाही, तरी ते खोडू नये. तीन महिने हा कागद ट्रंकेत होता, आणि ट्रंक तिच्याच खाटेखाली होती.

त्याच सकाळी नत्थूजीने कपाट सरकवून स्क्रू काढले. फळी मी स्वतः घाटावर नेली. गिरिधर म्हणाला, "बाबा, लाकडं आणली आहेत ना, घरची फळी काहून नेऊन राहिले?" मी म्हटले, ही तुझ्या आईची आहे. पावलाची बाजू तिच्याकडे करून ठेवली.

घर आता गिरिधरचे. त्याने स्लॅब टाकावा, माझी हरकत नाही. तोवर कोणाला काही कामाने वर जावे लागले, तर कपाटाजवळ एक फळी नाही. पाय जपून टाकावा.

कृष्णकांत विश्वनाथ बक्षी
साक्षीदार: वसंत देवराव मुळे, रुपराव सीताराम ढोबळे
नागपूर, दि. ५ डिसेंबर १९७७