रेझीच्या डोक्याचं माप

७ जानेवारी, सकाळी

ही डायरी औषधांच्या दुकानातून फुकट मिळाली. प्रत्येक पानाखाली गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात आहे, तेवढी जागा वाया. पण आज इतका आनंद झालाय की लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमची नात रेझी लग्न करतेय. जूनमध्ये. मुलगा कोर्बिनियान, घरं गरम ठेवायची यंत्रं विकतो. असू दे.

मी ठरवलं. रेझीचा टियारा मी स्वतः घडवणार. आमच्या घराण्यात मुलीच्या डोक्यावर पहिला टियारा चढतो तो लग्नाच्या दिवशी, त्याआधी नाही. माझ्या डोक्यावर पणजीचा होता, अठरा हिऱ्यांचा. पुढे आमच्या ह्यांनी तो विकून स्की-लिफ्टमध्ये भागीदारी घेतली, तीही अशा डोंगरावर जिथे बर्फ टिकत नाही. त्यामुळे माझ्या मुलीचं लग्न उघड्या डोक्याने झालं आणि तेही टिकलं नाही.

रेझीला फोन केला. म्हणाली, बघू गं ओमा. आजीला ती ओमाच म्हणते. म्हणजे हो.

९ जानेवारी

खालच्या मजल्यावरच्या पोडलिपनिगबाईंना जिन्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्हाला दागिने घडवता येतात का? म्हटलं, आमचा जन्मच दागिन्यांत गेला. त्या म्हणाल्या, माझाही जन्म दातांबरोबर गेला, पण मी कोणाचा दात काढायला जात नाही.

या ग्राट्स शहरात माणसं चांगली आहेत, बोलणं तेवढं तासलेलं नाही.

१६ जानेवारी

दागिन्यांच्या क्लासला नाव घातलं. दर गुरुवारी, शाळेच्या तळघरात. मास्तर ग्श्वांटनर. म्हणाले, आधी साधी अंगठी करा. मी म्हटलं, आमच्या घराण्यात कोणी खालून सुरुवात केलेली नाही. ते म्हणाले, मग खाली यायला किती वेळ लागला?

त्यांना उत्तर देणार होते, तेवढ्यात माझ्या बाहीने पेट घेतला.

३० जानेवारी

अंगठी झाली. बोटात जात नाही, पण अंगठीच आहे. पुढच्या गुरुवारपासून टियारा.

मास्तर म्हणतात चांदी नको, पितळ घ्या आणि वर चांदीचा मुलामा द्या. किती भाग हे, किती भाग ते, असं काहीतरी फळ्यावर लिहिलं. मला अपूर्णांक येत नाहीत. मी शाळेत गेलेच नाही. घरी एक फ्रेंच शिक्षिका, मादमोझेल, यायची, तिने मला बग्गीतून कसं उतरायचं ते शिकवलं, गुडघे न दाखवता. दोन वर्षं तेच. बग्गी विकली गेली होती, म्हणून आम्ही सोफ्यावरून उतरायचो. मजा यायची. काय सांगत होते? हां, पितळ. पितळ ठीक आहे.

४ फेब्रुवारी

रेझी लिंत्सला असते, तिला वेळ नाही. मेसेज केला की डोक्याचं माप पाठव. तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं. अंगठ्याचं माप घेऊन मी काय करू?

पुन्हा विचारून तिला त्रास द्यायचा नाही. उपाय सुचला आहे. फारच हुशारीचा आहे.

११ फेब्रुवारी

बसने त्सेलेनबाखला जाऊन आले. पूर्वी तिथे आमचं राज्य होतं, आता तिथे पोहण्याचा तलाव आहे. संग्रहालयात पणजीचा संगमरवरी पुतळा आहे, खांद्यापर्यंतचा. आमच्या सगळ्या बायकांची डोकी एकसारखी असतात हे घरात सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा शिवणकामाची टेप काढली.

पहारेकरी धावत आला. बाई, हात लावायचा नाही. म्हटलं, अहो, माझी सख्खी पणजी आहे. तो म्हणाला, माझी सासू असती तरी लावू दिला नसता. मग म्हणाला, सासू असती तर मीच लावला नसता.

तो जेवायला गेल्यावर माप घेतलं. बहात्तर सेंटिमीटर. बुद्धिमान घराणं होतं आमचं.

५ मार्च

कार्डं छापून आली. राजकुमारी वाल्बुर्गा, दागिन्यांची डिझायनर, वर छोटा मुकुट. क्लासमध्ये सगळ्यांना वाटली. एक टपालाने नगरपालिकेतही पाठवलं, त्यांनाही कळू दे.

१९ मार्च

नगरपालिकेतून पत्र. फार सभ्य भाषा. ऑस्ट्रियात १९१९ पासून असल्या पदव्या लावायला बंदी आहे, तरी कृपया कार्डं वापरू नयेत. खाली तिथल्या अधिकारी बाईंची सही. त्यांना माझं नाव पाठ झालं, ही किती चांगली गोष्ट.

पेनाने राजकुमारी खोडली. मुकुट राहू दिला, तो शब्द नाही. पोडलिपनिगबाई म्हणाल्या, खोडल्यावर आता जास्तच वाचावंसं वाटतं.

१० एप्रिल

टियाऱ्याची दोन शिखरं जोडून झाली. जोड झाळताना तिसरं वितळलं. मास्तर म्हणाले, वितळलेलं चांगलं दिसतंय, तसंच ठेवा. ते मला घाबरायला लागले आहेत.

रेझीचा फोन. लग्न सकाळी अकराला, रजिस्ट्रार ऑफिसात. आता आली का पंचाईत. टियारा संध्याकाळच्या आधी घालत नाहीत, उजेडात घालतात त्या नाटकातल्या बाया. मी रेझीला हे समजावलं. ती म्हणाली, ओमा, मी बहुतेक फुलं घालणार आहे. कोर्बिनियान मागून म्हणाला, आम्हाला साधंच हवंय.

फुलं सकाळी, टियारा संध्याकाळी. संध्याकाळी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवण आणि नाच आहे. आमच्या रेझीने सगळं किती नीट आखलंय.

२२ मे

झाला. टियारा झाला. सात शिखरं, पैकी पाच सरळ. निळी काच कोंदणात बसवली आहे, हिऱ्यांपेक्षा उठून दिसते. डोळे भरून आले.

मास्तरांना दाखवला. त्यांनी हातात घेऊन फिरवला, मग विचारलं, एवढा मोठा? नवरी घोड्यावर बसणार की ती स्वतःच घोडी? माप कुठलं घेतलंत? सांगितलं. ते खुर्चीवर बसले. म्हणाले, बाई, पुतळे उंचावर ठेवायचे असतात, खालून लहान दिसू नयेत म्हणून मोठे करतात. सव्वापट, दीडपट.

घरी येऊन स्वतः घालून पाहिला. थेट खांद्यावर आला. वयाने माझं डोकं लहान झालं असेल. पोडलिपनिगबाई म्हणाल्या, तुमचं डोकं अजून तेवढंच आहे बाई, तोच तर त्रास आहे.

पितळ पुन्हा कापायला घेतलं तर काचा फुटतील. पण काळजीचं कारण नाही. रेझीचे केस दाट आहेत. उंच अंबाडा घालायचा, आत थोडा कापूस. रेझीला आत्ता सांगत नाही.

१४ जून, सकाळी सहा

आज. टोपीच्या डब्यात टियारा, पर्समध्ये पाव किलो कापूस आणि चाळीस पिना. हवा स्वच्छ. बटाट्याच्या सॅलडवर भोपळ्याच्या बियांचं तेल घालून डबा भरला, लग्नात उशिरा वाढतात. संध्याकाळी रेझी हॉलमध्ये शिरेल तेव्हा मी दाराजवळ उभी राहणार, म्हणजे मला समोरून दिसेल.

१५ जून

लिहायचं नव्हतं.

संध्याकाळी रेझीला बाजूच्या खोलीत नेलं. तिथे अग्निशमनवाल्यांची हेल्मेटं टांगलेली असतात. अंबाडा घालू का विचारलं. ती म्हणाली, ओमा, केस कापले ना मी, मार्चमध्ये. खरंच, कानापर्यंत होते. मला दिसलंच नव्हतं. सकाळपासून मी तिच्यासमोर होते.

तरी तिने घातला. मला वाईट वाटू नये म्हणून. कपाळावरून नाकावर आला, नाकावरून गळ्यात. ती हसली, मग मीही हसले. मग तिने काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, तुझ्याकडेच राहू दे, आमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही गं. कोर्बिनियानने तो उचलून केकभोवती ठेवला. तिथे बसला. सगळ्यांनी फोटो काढले. केकचे.

रेझीच्या डोक्यावर डेझीच्या फुलांचं कडं होतं. कोर्बिनियानच्या आईने विणलेलं, सकाळी गायींचं दूध काढून झाल्यावर, कुरणातली फुलं. रेझी तिला विचारत होती, कसं विणलंत हो, मलाही शिकवा ना. पाच महिने मी फोनवर टियाऱ्याचं सांगत होते. मला तिने असं एकदाही विचारलं नाही.

मी सॅलड खात बसले होते. त्या बाई माझ्याकडे आल्या, हातात आणखी एक कडं. म्हणाल्या, हलू नका ओमा, आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. बरोबर बसलं. सैल नाही, घट्ट नाही.

मी विचारलं, माझं माप कधी घेतलंत?

त्या म्हणाल्या, माप कसलं. सकाळी बघितलं की तुमच्याकडे.